स्थिर आयपी पत्त्यांचा कोटा

क्लाउड सेवेच्या ग्राहकाला एका वेळी किती कायमचे सार्वजनिक आयपी पत्ते आपल्या नावावर ठेवता येतात, त्याची कंपनीने घातलेली मर्यादा. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसमध्ये (एडब्ल्यूएस) अशा पत्त्याला ‘इलॅस्टिक आयपी’ म्हणतात. २००८ पासून ही सोय आहे आणि तिचा मूळ कोटा प्रत्येक खात्याला, प्रत्येक रीजनमध्ये ५ पत्ते असा आहे. मुंबई आणि हैदराबाद हे दोन रीजन असल्याने त्यांची मोजणी वेगवेगळी होते. गूगल क्लाउड प्रोजेक्टनुसार मोजते, तर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझूर सबस्क्रिप्शन आणि रीजननुसार. नोंदीत पुढे मुख्यतः एडब्ल्यूएसचे उदाहरण घेतले आहे.

कोटा घालण्याचे कारण टंचाई. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे जगात असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. आयाना या मध्यवर्ती संस्थेकडचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक शेवटच्या राखीव गटावर येऊन वाटप आवळू लागली. सर्व्हर पैसे टाकून वाढवता येतात. पत्ते मात्र ज्याच्याकडे आधीपासून आहेत त्याच्याकडूनच घ्यावे लागतात.

तरीही स्थिर पत्ता लागतो, कारण सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की त्याला आपोआप मिळालेला सार्वजनिक पत्ता बदलतो. समोरच्या पक्षाने पत्ता व्हाइटलिस्ट केला असेल तर हे चालत नाही. बँकांच्या एपीआयसाठी तो बहुधा आधी कळवावा लागतो. किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगबाबत सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी काढलेल्या परिपत्रकातही ब्रोकरच्या एपीआयसाठी स्थिर आयपीची अट आहे.

पाच पत्ते छोट्या कंपनीला पुरेसे वाटतात, पण संपतात ते सर्व्हरमुळे नव्हे, नॅट गेटवेमुळे. खासगी सबनेटमधल्या यंत्रांना बाहेर जाता यावे म्हणून रीजनमधल्या तीन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये एकेक सार्वजनिक नॅट गेटवे उभारला, की तीन पत्ते गेले. तशीच रचना टेस्टिंगसाठी त्याच खात्यात, त्याच रीजनमध्ये उभारायला घेतली, की सहावा पत्ता मागताना ‘अ‍ॅड्रेसलिमिटएक्सीडेड’ ही एरर येते. टेराफॉर्मसारख्या साधनाने काम चालले असेल तर तोवर निम्मी रचना उभी राहिलेली असते आणि तिचे बिलही सुरू झालेले असते.

कोट्यात पत्ता वापरात आहे की पडून आहे, हे पाहिले जात नाही. पत्ता सर्व्हरपासून वेगळा करणे आणि तो कंपनीला परत करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली करून लोक थांबतात. म्हणून कोटा वाढवून मागण्याआधी कशालाही न जोडलेले पत्ते शोधावेत. बहुतेक खात्यांत एखाद-दुसरा सापडतोच. परत करण्यापूर्वी मात्र डीएनएसमधली त्याची नोंद काढणे आवश्यक आहे. ती राहिली आणि पत्ता दुसऱ्या ग्राहकाकडे गेला, तर आपल्या सबडोमेनवर परक्याचा सर्व्हर उत्तर देऊ लागतो. हातचा गेलेला पत्ता परत मिळेलच याची खात्री नसते.

पूर्वी चालू सर्व्हरला जोडलेला एक इलॅस्टिक आयपी फुकट असे आणि पडून असलेल्याचे पैसे लागत. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला, वापरात असो वा नसो, ताशी ०.००५ डॉलर आकारते. म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. साठवून ठेवण्याच्या सवयीला कोट्यापेक्षा या आकारणीनेच अधिक लगाम बसावा.

वाढीव कोट्यासाठी ‘सर्व्हिस कोटाज’ या पानावरून त्या-त्या रीजनसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नवे प्रॉडक्शन सुरू करायच्या आदल्या दिवशी तो करणे धोक्याचे, कारण मंजुरी तत्काळ मिळेलच असे नाही. टेस्टिंगला तीनऐवजी एकच नॅट गेटवे पुरतो. अनेक वेबसाइट एका लोड बॅलन्सरमागे ठेवून त्या होस्टनावानुसार वेगळ्या करता येतात. तिथे प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता लागत नाही. दोन्ही टोकांना चालत असेल तर आयपीव्ही६ वापरावे, त्याच्या पत्त्यांना ही आकारणी लागू नाही. स्वतःच्या मालकीचे पत्ते असलेल्या संस्थेला ते एडब्ल्यूएसमध्ये आणता येतात. मात्र इंटरनेटवर जाहीर करण्यासाठी किमान २५६ पत्त्यांचा सलग गट लागतो.