वाळवंटातल्या उपासिकांचे मंडळ

चीनमधील तुनहुआंग हे गोबी वाळवंटाच्या कडेचे गाव. दांग नदीच्या पाण्यावर तिथली शेती पिकायची, रेशीममार्गावरचे तांडे विसाव्याला थांबायचे. गावाजवळच्या कड्यात इ.स. ३६६ पासून हजारेक वर्षे बौद्ध लेणी कोरली गेली. त्यांतल्या एका लेण्यातली बंद खोली १९०० साली उघडली, आणि आत हजारो पोथ्या-कागद सापडले. ८६८ साली वांग ज्ये याने आई-वडिलांसाठी, लोकांत फुकट वाटायला छापून घेतलेले वज्रच्छेदिका सूत्र त्यांतलेच.

पण आम्हाला जवळचा वाटतो तो ९५९ सालचा एक साधा कागद. गावातल्या बायांनी आपले मंडळ काढले, त्याचे हे नियम! कुणाच्या घरी मयत झाली, तर प्रत्येकीने तेल, पीठ, धान्य द्यायचे. आपल्या महिला मंडळाचं तरी दुसरं काय चालतं?

कागद राहिला म्हणून त्या बाया हजार वर्षांनंतरही आपल्याला कळल्या. मग रुपया-रुपया देऊन आपला विहार उभा करणाऱ्या आयाबायांची नावे कुठे लिहिली आहेत? बंधु-भगिनींनो, घरातल्या जुन्या वह्या, पावत्या रद्दीत घालू नका. विहारात आणून द्या. हाच आपला इतिहास आहे.

जय भीम!