पायदानावरचीं गाणीं आणि दिग्रसचा श्रोता

एखादें गीत लोकप्रिय आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तें नेमकें कोणास प्रिय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांतील हिंदी चित्रपटगीतांच्या यशाचा इतिहास मात्र या प्रश्नावांचून वाचतां येत नाहीं. तो इतिहास म्हणजे रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला'. दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां अमीन सयानी गीतांस एकेका 'पायदाना'वर बसवीत, आणि वर्षाअखेर एक गीत 'सरताज' ठरे. १९६४ सालीं हा मान 'संगम'मधील गीतास मिळाला, १९६६ सालीं 'सूरज'मधील व १९६७ सालीं 'मिलन'मधील.

आपल्या गाण्यांचा मान सिंहलद्वीपांत कां ठरावा? याचें कारण दिल्लींत सांपडतें. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतें त्यांस हलकीं वाटत, आणि आकाशवाणीवरून तीं जवळजवळ हद्दपार झालीं. अभिजात संगीत लोकांच्या कानीं पडावें हा हेतु वाईट नव्हता. पण कानावर हुकूम चालत नाहीं. त्याच वर्षीं ३ डिसेंबरला गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईंत ध्वनिमुद्रित होई, कोलंबोस जाई आणि तेथील बलाढ्य लघुलहरी यंत्रावरून पुन्हां आपल्याच घरीं परत येई! १९५७ सालीं विविधभारती काढून सरकारनें एका परीनें माघार घेतली खरी, परंतु तोंवर रेडिओचा कांटा सिलोनवर स्थिरावला होता.

आरंभीं पायदानें नव्हतींच. सात गीतें वाजवावीं व त्यांचा क्रम श्रोत्यांनीं लावून पाठवावा, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच खेपेस नऊ हजार पत्रें आलीं, आणि वर्षभरांत हा आंकडा आठवड्यास ६५,००० पर्यंत गेला, असें सयानी सांगत. एवढा ढीग उपसणार कोण? तेव्हां क्रम लावण्याचें काम कार्यक्रमानेंच हातीं घेतलें. त्यास मुख्य आधार ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचा. विलायतेंतहि तीच रीत होती. १४ नोव्हेंबर १९५२ रोजीं तेथील एका संगीत-साप्ताहिकानें पहिली यादी छापली, ती सुमारें वीस दुकानांस दूरध्वनि करून. इकडे पुढें दुकानदारांच्या आंकड्यांविषयीं शंका उत्पन्न झाली, म्हणून श्रोतासंघांचीं मतेंहि जमेस धरण्यांत आलीं.

आतां यवतमाळ जिल्ह्यांतील दिग्रस डोळ्यांपुढें आणावें. मुलूख कापसाचा, मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी 'शकुंतला' गाडी दारव्ह्यावरून जाई आणि दिग्रस बाजूलाच राही. लघुलहरींस मात्र रूळ लागत नाहींत. डाकघरांतून परवाना काढून ज्यानें रेडिओ घेतला, त्याचा रेडिओ एकट्याचा राहत नसे. समजा, चहाच्या दुकानांतील एका रेडिओभोंवतीं चाळीस माणसें बसलीं. त्यांनीं तबकडी घेतली नाहीं, म्हणून विक्रीच्या हिशेबांत त्यांची किंमत शून्य. मुंबईंतील एका धनिकानें हौसेनें तीन तबकड्या नेल्या, तर त्याची किंमत तीन.

अशा श्रोत्याच्या हातीं उरे तें एक पोस्टकार्ड. झुमरीतलैया या लहानशा गांवाचें नांव फर्माइशींच्या पत्रांमुळें देशभर झालें, आणि लोकांनीं त्याची थट्टा केली. मला ती थट्टा रुचत नाहीं. दुकान ज्याच्यापासून दूर, त्यानें आपली पसंती दुसऱ्या कोणत्या मार्गानें कळवावी? श्रोतासंघांचें महत्त्व यासाठींच मोठें. त्यांच्यामुळें न विकत घेणाराहि थोडाबहुत मोजला गेला.

मराठी गीताची गोष्ट तर याहून निराळी. त्यास गीतमालेंत पायदानच नव्हतें. माडगूळकरांचें व सुधीर फडक्यांचें 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवरून आठवड्यास एक गीत याप्रमाणें लागलें, छप्पन गीतांनीं पुरें झालें, आणि पुढील दशकांतहि घरोघरीं गाइलें जात होतें. त्याचा क्रमांक कोणीच लावला नाहीं.