दहा वर्षांची सुट्टी आणि तीच लाल शॉर्ट्स

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर माइक टायसन आणि जेक पॉलची फाइट तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. म्हणजे बफरिंगने बघू दिली तेवढी. टायसन ५८ वर्षांचा, त्याची आधीची अधिकृत व्यावसायिक लढत २००५ मधली. तो हरला आणि सगळीकडे एकच प्रश्न: इतक्या वर्षांनी परत यायचंच कशाला? या प्रश्नाची दोन जुनी उत्तरं आज ऐकूया.

पहिलं उत्तर जेम्स जेफ्रीज. हेवीवेट चॅम्पियन, एकही लढत न हरता १९०५ मध्ये निवृत्त. पुढे १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन झाला. अनेक गोऱ्या अमेरिकनांना ते सहन होईना, म्हणून जेफ्रीजला आग्रह करकरून परत आणलं. त्याने वजन उतरवलं खरं, पण मधे एकही लढत न खेळता तो थेट ४ जुलै १९१० ला रेनोमध्ये जॉन्सनसमोर उभा राहिला. १५व्या राउंडमध्ये खेळ खल्लास. त्यानंतर अमेरिकेत अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय.

दुसरं उत्तर जॉर्ज फोरमन. १९७४ मध्ये किन्शासात मोहम्मद अलीने त्याला आठव्या राउंडमध्ये आडवं केलं. १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर त्याने ग्लोव्हज काढले आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. मुलांसाठी त्याने एक युवा केंद्र काढलं. ते चालवायला पैसे हवेत म्हणून १९८७ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, तो परत आला. वजन १२१ किलो! लोक हसले.

पण फोरमनने घाई केली नाही. आधी त्याने एकामागोमाग २४ लढती जिंकल्या. प्रतिस्पर्धी किरकोळ आहेत अशी टीका झाली, पण गेलेलं टायमिंग परत येतं ते अशाच लढतींतून. वयाबरोबर वेग आधी जातो, ठोशाची ताकद बरीच उशिरा. हे ओळखून तो शांतपणे, दम राखून खेळायला शिकला. १९९१ मध्ये होलीफिल्डकडून हरला, तरी पूर्ण १२ राउंड टिकला.

मग ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगस. समोर २६ वर्षांचा, तोवर अजिंक्य असलेला मायकेल मूरर. फोरमन ४५ वर्षांचा, अंगात किन्शासातलीच लाल शॉर्ट्स. आणि कोपऱ्यात कोण? अँजेलो डंडी, १९७४ मध्ये अलीच्या बाजूने उभा असलेला कोच! नऊ राउंड फोरमन गुणांवर मागेच होता. दहाव्यात एक सरळ उजवा ठोसा बसला आणि मूरर खाली. वीस वर्षांनी पट्टा परत!

म्हणून कोणीही कधीही परत येऊ शकतो का? नाही हो. बॉक्सिंगमध्ये चुकीची किंमत मेंदू मोजतो, आणि फोरमन हा अपवादच आहे. पण फरक बघा. जेफ्रीजला लोकांनी आपल्या द्वेषासाठी परत आणलं, फोरमन स्वतःच्या कारणासाठी आला. जेफ्रीज थेट शिखरावर चढायला गेला, फोरमनने पायथ्यापासून सुरुवात केली आणि चार वर्षं लोकांचं हसू झेललं.

मार्च २०२५ मध्ये फोरमन गेला. त्याची मूररसोबतची फाइट अजून पाहिली नसेल, तर दहावा राउंड नक्की बघा. पण आधीचे नऊ स्किप करू नका, खरी गोष्ट तिथेच आहे. भेटू पुढच्या भागात!