टेम्पोचे तिसरे चाक

शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्याने कांद्याची पोती किंवा गुळाच्या ढेपा घेऊन जाणाऱ्या कोणत्याही लहान मालवाहू गाडीला आपण टेम्पो म्हणतो. दौंडला सामान हलवण्यासाठी टेम्पो ठरवताना ती गाडी कोणत्या कंपनीची, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. डालडा हे एका कंपनीचे व्यापारी नाव जसे साऱ्या वनस्पती तुपाला चिकटले, तसेच हे झाले. टेम्पो हे मुळात जर्मनीतील हॅम्बुर्गच्या ‘विडाल उंड झोन’ (म्हणजे विडाल आणि पुत्र) या कारखान्याच्या तीनचाकी गाड्यांचे व्यापारी नाव.

या गाड्यांना तीनच चाके का, याचे पहिले उत्तर विज्ञानात नसून करआकारणीत आहे. १९२८ साली जर्मनीत असा नियम झाला, की चारपेक्षा कमी चाके आणि २०० घन सेंमीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाडीला वाहनकर नाही आणि ती चालवायला परवानाही लागत नाही. साहजिकच तीनचाकी गाड्यांचे पीक आले. टेम्पो ही त्यांपैकीच एक.

दुसरे पीक आले ते महायुद्धानंतर. शहरे उद्ध्वस्त झालेली, पोलाद आणि पेट्रोल दुर्मिळ. लोकांची ऐपत मोटारसायकलीपुरती, पण तिकडच्या थंडीपावसात डोक्यावर छप्पर हवे. दुसरीकडे विमाने बांधायला १९५५ पर्यंत बंदी, त्यामुळे विमानांचे कारखाने आणि कुशल कारागीर रिकामे बसलेले. या दोन्हींच्या गाठीतून अतिलहान मोटारी जन्मल्या. फ्रिट्झ फेंड या अभियंत्याने युद्धात अपंग झालेल्यांसाठी एक छोटी तीनचाकी तयार केली होती. तिच्यातूनच मेसरश्मिट या विमान कंपनीच्या १९५३ आणि १९५५ सालच्या गाड्या निघाल्या. लढाऊ विमानासारखे पारदर्शक टोपण, एकामागे एक बसण्याच्या जागा आणि दुसऱ्या गाडीत १९१ घन सेंमीचे इंजिन! बीएमडब्ल्यूने मूळची इटालियन ‘इसेटा’ बांधायला घेतली. तिचे एकमेव दार समोरून, फ्रिजसारखे उघडे. १९६२ पर्यंत अशा दीड लाखाहून अधिक इसेटा निघाल्या. ‘गोगोमोबिल’ काढणारा हान्स ग्लास हा तर पेरणीयंत्रांचा कारखानदार. इथेही नियमाचा हात होताच. जुन्या मोटारसायकल परवान्यावर २५० घन सेंमीपर्यंतची मोटार चालवता येई, म्हणून कित्येक इंजिने नेमकी त्या मर्यादेत बसवलेली दिसतात.

जरा आडवळणाने जाऊ. मेसरश्मिटच्या १९५५ च्या गाडीत मागे जाण्यासाठी वेगळा गिअर नव्हता. इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करायचे, की पुढे जाण्याचे चारही गिअर मागे जाण्यासाठी हजर! हे जमते, कारण दोन फेऱ्यांच्या (टू-स्ट्रोक) साध्या इंजिनात वायूंच्या ये-जा करण्याची भोके सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि दट्ट्याच ती झाकतो व उघडतो. दट्ट्याला दिशेशी देणेघेणे नाही. ठिणगीची वेळ तेवढी बदलावी लागते. चार फेऱ्यांच्या इंजिनात झडपांचा क्रम ठरलेला असतो. ते उलटे फिरवले तर जिथून धूर बाहेर जायचा तिथूनच हवा आत ओढली जाईल. इंजिनाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

जर्मनीत सुबत्ता येताच लोक मोठ्या गाड्यांकडे वळले आणि १९६० च्या दशकात या मोटारी ओसरल्या. आपल्याकडे त्या रुजल्या नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ या छोट्या मोटारीचे नमुने जिद्दीने बनवले, पण ती कारखान्यातून बाहेर पडली नाही. तेव्हा मोटारींचे उत्पादन सरकारी परवान्याने बांधलेले होते. शिवाय आमच्या मते, दोन माणसांची मोटार ही आपल्या घरांची गरजच नव्हती. तेवढे काम, मुलाला पुढे उभे करून, स्कूटर करतच होती.

आले ते मोटारींचे मालवाहू भावंड. नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) वकील आणि स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते. ऑटोरिक्षा देशात रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या कंपनीने विडाल यांच्याशी करार करून १९५८ मध्ये गोरेगावला ‘हान्झिआट’ ही तीनचाकी बनवायला सुरुवात केली. विडाल यांनी ती १९४९ मध्ये बाजारात आणली होती. पुढे ‘बजाज टेम्पो’ या नावाने हा कारखाना आकुर्डीत स्थिरावला. सुमारे ४०० घन सेंमीचे इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाजवळच असे आणि तेच चाक फिरवी. मागे दांडे, गिअर काही नसल्याने माल ठेवायचा तळ जमिनीलगत आणि मोकळा मिळे. मोंढ्यात पोती चढवणाऱ्या हमालाला या बुटकेपणाची किंमत ठाऊक होती.

आता चाकांच्या मांडणीकडे पाहू. मेसरश्मिटसारख्या माणसांच्या तीनचाकीत दोन चाके पुढे, एक मागे. मालाच्या टेम्पोत एक पुढे, दोन मागे. तीन चाके जमिनीला टेकतात त्या बिंदूंचा त्रिकोण काढा. गुरुत्वमध्यातून निघालेली उभी रेषा या त्रिकोणात पडते तोवरच गाडी उभी. समजा, मागच्या दोन चाकांत १२० सेंमी अंतर आहे आणि पुढचे चाक त्यांच्यापासून २०० सेंमीवर आहे. भार मागच्या आसापासून ५० सेंमी पुढे असेल, तर दोन्ही बाजूंना ४५-४५ सेंमी जागा उरते. तोच १०० सेंमी पुढे सरकला, तर फक्त ३०. त्यात वळणावर ब्रेक दाबला, की जडत्व भाराला पुढे आणि बाहेर, म्हणजे नेमके त्रिकोणाच्या तिरप्या बाजूकडे ढकलते. दोन चाके पुढे असली, तर तिथे एक चाक आधाराला सापडते.

पोती मागच्या आसावर रचली जातात, म्हणून मालासाठी एक चाक पुढे चालून गेले. परंतु १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात याच मांडणीची मिनिडोर सहा आसनी प्रवासी रिक्षा म्हणून धावू लागली. लांबट नाकामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर रिक्षा’ म्हटले. एसटी चुकलेल्यांना आणि शाळकरी मुलांना ती वरदानच वाटली. पण मागची आसने भरली, की उरलेल्या मुलांना चालकाच्या दोन्ही बाजूंना बसवण्याची रीत पडली. म्हणजे भार बरोबर पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे! परवान्यावरील सहा हा आकडा जेवढा महत्त्वाचा, तेवढीच ती माणसे कुठे बसतात हीही गोष्ट महत्त्वाची.

कंपनीने २००५ मध्ये नाव बदलले आणि त्यातून टेम्पो हा शब्द गेला. बोलीतून तो गेला नाही.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. जाड पुठ्ठ्याच्या त्रिकोणाला कोपऱ्यांवर तीन बटणे चिकटवा, वर काड्यापेटी उभी चिकटवून तिच्यावर नाणे ठेवा आणि पुठ्ठा एका बाजूने हळूहळू उचलून किती अंशांना कलंडतो ते कोनमापकाने मोजा. नंतर काड्यापेटी टोकाकडे दोन-दोन सेंमी सरकवत मोजमापे घ्या आणि आलेख काढा. शाळेला रिक्षाने येणारी मुले आपण कुठे बसतो, ती जागा आलेखावर स्वतःहूनच दाखवू लागतील.