साठलेलं पाणी : घरगुती हॉट टबची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण रोमन स्नानगृहांपाशी थांबलो होतो. आज थेट विसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियात येऊ.

जकूझी हे मुळात आडनाव. इटलीतून आलेलं हे कुटुंब शेतीसाठी पंप बनवायचं. कँडिडो जकूझी यांच्या लहानग्या केनेथला संधिवात होता आणि रुग्णालयातल्या पाण्याच्या उपचारानं त्याला आराम पडे. तो उपचार घरीच व्हावा म्हणून १९४० च्या दशकाअखेर टबात बुडवायचा पंप तयार झाला. पुढे १९६८ मध्ये रॉय जकूझी यांनी पाण्याचे झोत टबाच्या भिंतींतच बसवले. औषधाची चैन झाली ती अशी.

पण यात एक बदल दडलेला होता. न्हाणीघरातल्या टबातलं पाणी आपण आंघोळ झाली की सोडून देतो. हॉट टबातलं पाणी तिथेच राहतं, तेच गाळून, तेच तापवून वापरलं जातं. म्हणजे बघा, आपण घरात एक लहानसं तळंच सांभाळायला घेतो.

त्याची किंमत नेदरलँड्समध्ये दिसली. फेब्रुवारी १९९९, बोवेनकार्स्पेल गावातलं फुलांचं प्रदर्शन. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या टबात कोमट पाणी खळखळत होतं. त्यात कुणी उतरायचं नव्हतं, त्यामुळे जंतुनाशकाची काळजी कुणी घेतली नाही. लीजनेला जंतू वाढले, बुडबुड्यांच्या तुषारांतून हवेत गेले. नुसतं जवळून जाणारी माणसं न्यूमोनियानं आजारी पडली आणि किमान ३२ जण दगावले. या जंतूचं नावही १९७६ च्या फिलाडेल्फियातल्या साथीवरून पडलेलं. म्हणजे धोका ठाऊक होता.

दुसरा धोका तळाच्या निचऱ्याचा. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात, ग्रीम, हॉट टबच्या तळाशी पंपाच्या ओढीनं अडकून बुडाली. तिच्या आईनं लढा दिला आणि २००७ मध्ये तिच्या नावानं कायदा झाला. सार्वजनिक तलावांना आणि टबांना सुरक्षित जाळी सक्तीची झाली.

आज नियम सांगतात ते असं. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नको. क्लोरीन वापरत असाल तर ते दहा लाख भागांत किमान तीन भाग, आणि पीएच साधारण ७.२ ते ७.८. दोन्ही पट्टीनं तपासायचं, डोळ्यांनी नव्हे. गाळणी धुवायची, पाणी ठरावीक काळानं पूर्ण बदलायचं. बसवताना आधी वजन मोजायचं : दीड हजार लिटर पाणी म्हणजे दीड टन, गच्ची ते पेलेल का हे अभियंत्याला विचारायचं. विजेची जोडणी जाणकाराकडूनच, गळती झाली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह. वापर नसेल तेव्हा कुलूप लागणारं झाकण, आणि मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस तिथेच.

तत्त्वज्ञानात आपण दिसणं आणि असणं यांतला भेद वर्षानुवर्षं शिकवला. बोवेनकार्स्पेलचं पाणीही विकायला मांडण्याजोगं दिसत होतं. त्या भेदाची परीक्षा इथे एका कागदी पट्टीवर होते, आणि ती घ्यायला एक मिनिटही लागत नाही.