गोठलेले बूट, काचेची नळी आणि दोराची गाठ : गिर्यारोहणातील छोट्या युक्त्यांचा इतिहास

१/ २९ मे १९५३. पहाटेचे चार. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर सुमारे ८,५०० मीटर उंचीवर एक तंबू. आत दोन माणसे, एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे. जगातले सर्वोच्च शिखर काही तासांच्या अंतरावर आहे, पण निघता येत नाही. कारण? हिलरींनी रात्री पायातले बूट काढून ठेवले होते आणि ते लाकडासारखे कडक गोठले आहेत. तेनझिंग यांनी मात्र बूट पायातच ठेवले होते. पुढचे जवळपास दोन तास हिलरी स्टोव्हच्या ज्योतीवर बूट शेकत बसले.

२/ शिखरांचा इतिहास आपण बहुधा नावांचा आणि तारखांचा इतिहास म्हणून वाचतो. पण डोंगरावर अनेकदा निर्णय होतो तो बूट, नळी, गाठ, दोर अशा किरकोळ वस्तूंमुळे. ट्रेकला जाताना अनुभवी मंडळी ज्या सूचना देतात, त्यांपैकी कित्येकींमागे कुणाचा तरी जीव गेलेला आहे किंवा थोडक्यात वाचलेला आहे. आजच्या धाग्यात अशाच काही सूचनांचा उगम पाहू.

३/ पहिली सूचना : दोर निवडताना सर्वांत कच्चा दोर कोठे आहे ते आधी पाहा. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर यांच्यासह सात जणांनी आल्प्समधील मॅटरहॉर्न हे शिखर प्रथमच सर केले. उतरताना अननुभवी, एकोणीस वर्षांच्या डग्लस हॅडो यांचा पाय घसरला. ते पुढे असलेल्या मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळले. त्यांच्या मागोमाग चार्ल्स हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हेही ओढले गेले.

४/ वरच्या तिघांनी खडकाला मिठी मारून हिसका झेलला, आणि त्याच क्षणी डग्लस व थोरले पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे सुमारे १,२०० मीटर खाली हिमनदीवर कोसळले. चौकशीत उघड झालेली गोष्ट अधिक विदारक होती. तुकडीजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि तुटला तो त्यांतला सर्वांत बारीक, केवळ राखीव म्हणून आणलेला. मजबूत दोर वापराविना शिल्लक होते! तुटलेल्या दोराचा तुकडा आजही झेरमाटच्या संग्रहालयात जपलेला आहे.

५/ दुसरी सूचना : नाजूक भागाचा एक जादा नग जवळ ठेवा. १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. सिलिंडरमधला प्राणवायू वापरण्यास त्या काळी अनेकांचा विरोध होता. तो खिलाडूवृत्तीला धरून नाही, असे मानले जाई. फिंच यांना त्यात तत्त्वाचा प्रश्न दिसला नाही, अभियांत्रिकीचा दिसला. मोहिमेबरोबर आलेले मुखवटे नीट चालेनात, तेव्हा त्यांनी खेळण्यातल्या फुटबॉलचे ब्लॅडर आणि टी-आकाराच्या काचेच्या नळ्या जोडून स्वतःच श्वसनाची सोय बनवली.

६/ त्यांचा अंगरखाही चेष्टेचा विषय झाला होता. इतर सदस्य लोकरीचे आणि ट्वीडचे कपडे घालत. फिंच यांनी हवाई फुग्याच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला होता. वारा आणि थंडी सुरू झाल्यावर हसणारेच त्या कोटाकडे हेव्याने पाहू लागले. आज आपण ज्याला ‘डाउन जॅकेट’ म्हणतो, त्याच्या आद्य नमुन्यांपैकी हा एक.

७/ फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर बुरा यांना ७,७०० मीटरहून अधिक उंचीवरच्या तंबूत वादळाने अडकवून ठेवले. थंडी हाडांत शिरू लागली, तेव्हा फिंच यांनी रात्रभर प्राणवायू थोडा थोडा मिळत राहील अशी नळ्यांची जुळणी केली. अंगात ऊब परतली, झोपही लागली. २७ मे रोजी फिंच आणि ब्रूस सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणीही गेले नव्हते. तेथेच ब्रूस यांच्या उपकरणातली काचेची नळी फुटली. फिंच यांनी स्वतःचा प्राणवायू त्यांच्याशी वाटून घेतला आणि जवळची जादा नळी बसवली. शिखर हुकले, पण दोघेही जिवंत परतले.

८/ तिसरी सूचना : बुटाचा तळवा आधी तपासा. त्या काळी गिर्यारोहक चामड्याच्या तळव्याला लोखंडी खिळे ठोकत. असे जड बूट पायथ्याशी ठेवून अवघड खडकावर पातळ तळव्याचे हलके जोडे घालण्याची रीत होती. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये पुंता रासिका येथे हवामान अचानक बिघडले आणि विताले ब्रामानी यांचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. पायांतले जोडे ना बर्फावर टिकणारे होते, ना थंडी अडवणारे. ब्रामानी यांनी पिरेली कंपनीच्या साह्याने खडक, चिखल आणि बर्फ या तिन्हींवर चालेल असा खोल खाचांचा रबरी तळवा घडवला. ‘व्हिब्रम’ हे नाव त्यांच्याच नावातून बनले आहे. आज आपल्या ट्रेकिंग शूजखाली दिसणारी खाचांची नक्षी त्या शोकातून आली आहे.

९/ चौथी सूचना : परतीचा मार्ग मोकळा ठेवा. जुलै १९३६. आयगर पर्वताच्या उत्तर भिंतीवर चार तरुण चढत होते. एका गुळगुळीत कातळपट्टीवर अँड्रिआस हिंटरश्टॉइसर यांनी दोराच्या आधारे आडवे जाऊन वाट काढली. सर्व जण पलीकडे गेले आणि त्यांनी दोर ओढून घेतला. पुढे एक जण दगड लागून जखमी झाला, हवामान बिघडले, माघार घ्यावी लागली. आता कातळावर बर्फाचा थर चढला होता आणि दोराविना उलट दिशेने ती पट्टी ओलांडणे अशक्य झाले. सरळ खाली उतरण्याच्या प्रयत्नात हिमप्रपाताने तिघांचा बळी घेतला. उरले एकटे टोनी कुर्झ.

१०/ कुर्झ यांनी ती रात्र भिंतीवर लटकत काढली. एक हात गोठून निकामी झाला होता. २२ जुलैला वाटाडे आयगरच्या पोटातून जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्याच्या खिडकीतून बाहेर आले, पण वर पोहोचू शकले नाहीत. तेव्हा कुर्झ यांनी दोराचा तुकडा एका हाताने व दातांनी उलगडला, त्याचे पेड सुटे करून एकमेकांना बांधले आणि ती बारीक दोरी खाली सोडली. या कामाला कित्येक तास लागले. वाटाड्यांनी तिला उतरण्यासाठीचा दोर बांधला. तो अपुरा पडल्याने त्याला दुसरा जोडला. उतरताना त्या जोडाची गाठ कुर्झ यांच्या कॅराबिनरमध्ये अडकली. ती पार करण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. मदतीच्या अगदी जवळ, डोळ्यांदेखत त्यांनी प्राण सोडला.

११/ अशी गाठ पार करायची कशी? त्याचे साधन पाच वर्षांपूर्वीच जगापुढे आले होते. १९३१मध्ये ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी एक गाठ प्रसिद्ध केली होती. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती गुंडाळायचा. भार पडला की तो घट्ट पकडतो, भार काढला की सरकतो. गाठीच्या वर असा फास बांधून त्यावर वजन टाकायचे, उतरण्याचे साधन काढून गाठीखाली पुन्हा जोडायचे, मग हळूहळू भार परत त्यावर आणायचा. शाबूत हातांच्या माणसाला हे सरावाने जमते. गोठलेल्या हाताने ऐनवेळी शिकता येत नाही. म्हणूनच ही गाठ आजही पर्वतारोहणाच्या मूलभूत अभ्यासक्रमात गिरवून घेतली जाते.

१२/ दोन वर्षांनी, जुलै १९३८मध्ये, हीच भिंत प्रथम सर झाली. या वेळी हाइनरिश हारर आणि फ्रिट्झ कास्पारेक यांनी ती कातळपट्टी ओलांडल्यावर दोर तेथेच राहू दिला. मागून येणारे हेकमाइर आणि फ्योर्ग यांच्या बुटांना बारा दात्यांचे क्रॅम्पॉन होते. पुढे आलेल्या दोन दात्यांमुळे उभ्या बर्फात पायऱ्या न खोदता चढता येई. हारर यांच्याजवळ क्रॅम्पॉनच नव्हते. मागची जोडी पाहता पाहता पुढच्यांना गाठू शकली आणि पुढे चौघे एका दोरावर शिखरावर गेले.

१३/ आता पुन्हा १९५३च्या त्या सकाळी परतू. बूट शेकून हिलरी आणि तेनझिंग साडेसहाला निघाले. वाटेत तेनझिंग यांची चाल मंदावली, श्वास जड झाला. हिलरींनी त्यांच्या मुखवट्याची उच्छ्वासाची नळी तपासली, तर ती आतून बर्फाने जवळजवळ बुजली होती! त्यांनी बर्फ काढला, मग स्वतःचीही नळी पाहिली. तीतही बर्फ साठू लागला होता. त्यानंतर ते अधूनमधून दोन्ही नळ्या तपासत राहिले. साडेअकराच्या सुमारास दोघे शिखरावर पोहोचले. दमलेल्या सोबत्याला ‘चल, चल’ म्हणण्याआधी त्याचे साहित्य तपासावे, ही पाचवी सूचना येथे मिळते.

१४/ आणि आता एक धागा थेट आपल्या अंगणातला. एव्हरेस्टवर प्राणवायूचा आणि पिसांच्या कोटाचा उपयोग सिद्ध करणाऱ्या फिंच यांना १९२४च्या मोहिमेत घेतले गेले नाही. पण १९५३मध्ये त्यांच्याच वाटेने, सिलिंडर आणि पिसांचे कपडे घेऊन, माणूस शिखरावर पोहोचला, तेव्हा फिंच कोठे होते? पुण्यात! १९५२ ते १९५७ या काळात ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे आपल्या ‘एनसीएल’चे, संचालक होते. पाषाण रस्त्याने सिंहगडाकडे किंवा मुळशीकडे ट्रेकला निघालेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

१५/ पुढच्या वेळी सॅक भराल तेव्हा पाच गोष्टी आठवा. दोर एकसारखे भक्कम आहेत का? नाजूक वस्तूचा जादा नग घेतला का? बुटाचा तळवा झिजलेला नाही ना? परतीची वाट बंद होणार नाही ना? सोबती मागे पडला, तर कारण शोधले का? आणि हिमालयात गेलात, तर रात्री बूट स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. हिलरींना या धड्यासाठी दोन तास मोजावे लागले. क्रो, कुर्झ आणि रासिकाच्या सहा जणांना त्याहून कितीतरी अधिक.