पडद्यावरचें यंत्र आणि लांकडांतलें यंत्र

आपल्या घरांतील मुलें पडद्यावर युद्धाचे जे खेळ खेळतात, त्यांपैकीं १९९९ सालीं निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग पुष्कळ श्रोत्यांच्या परिचयाचा असेल. त्यांत वेढ्याच्या कामीं येणारें ट्रेबुशे नांवाचें एक यंत्र आहे. २०० लांकूड आणि २०० सोनें खर्ची घातलें कीं तें तयार होतें, हवें तेव्हां आवरून पुढें नेतां येतें आणि दुरूनच तट पाडतें. असें यंत्र खरोखर होतें काय, आणि तें पुन्हां कोणी बांधून पाहिलें आहे काय, असें एखादा चौकस मुलगा विचारील. आजचें भाषण त्याच्याकरितां आहे.

यंत्राचें तत्त्व सोपें आहे. एका टोकाला धोंडा बांधलेली विहिरीवरची लाट आणि शेतकऱ्याची गोफण यांचा संयोग म्हणजे ट्रेबुशे. तुळईच्या आंखूड टोकाला कित्येक टनांची पेटी, लांब टोकाला गोफण. पेटी खालीं कोसळली कीं गोफण गरकन् फिरते, तिचा एक पदर आंकड्यावरून निसटतो आणि दगड सुटतो. परंतु तत्त्व कळणें निराळें आणि बांधणी कळणें निराळें! तेराव्या शतकांतील व्हिलार द ऑनकूर याच्या चित्रवहींत पायथ्याचा आराखडा तेवढा उरला आहे. वरच्या सांगाड्याचें पान हरवलें आहे.

१८५० सालीं लुई नेपोलियनच्या प्रेरणेनें फ्रान्समध्यें व्हँसेन येथें कॅप्टन फाव्हे यानें असें यंत्र उभारलें. तुळई दहा मीटरांहून किंचित् लांब, वजन ४,५०० किलोग्रॅम. लोखंडी गोळा सुमारें १७५ मीटर गेला. पण सांगाडा हलका असल्यामुळें पुरतें बळ लावतां आलें नाहीं. १९८९ सालीं डेन्मार्कांतील न्यूकोबिंग येथें पूर्ण आकाराची प्रतिकृति झाली, आणि त्या अनुभवाच्या आधारें २००५ सालीं इंग्लंडांत वॉरिकच्या किल्ल्यांत १८ मीटर उंच यंत्र उभें राहिलें. एका फेंकीच्या तयारीस आठ माणसांना अर्धा तास लागे, आणि त्यांतले चौघे चक्रांत चालत तुळई ओढीत. पडद्यावरच्या खेळांत हे आठजण कोठें दिसत नाहींत.

सर्वांत बोधप्रद प्रयोग १९९८ सालीं स्कॉटलंडांत, नेस सरोवराच्या कांठीं झाला. यंत्राला चाकें असतात तीं केवळ वाहतुकीसाठीं, असें सहज वाटतें. तेथें दिसलें कीं चाकांवर सांगाडा मागेंपुढें सरकूं दिला, तर पेटी अधिक सरळ खालीं येते आणि अधिक बळ दगडास मिळतें. हें कोणत्याही चित्रावरून कळलें नसतें.

त्या मंडळींच्या डोळ्यांपुढें स्टर्लिंगचा 'वॉरवुल्फ' होता. १३०४ सालीं पहिल्या एडवर्ड राजानें पांच मुख्य सुतार आणि सुमारें पन्नास मजूर लावून तो बांधविला. वेढ्यांतील यंत्रांच्या वजनांकरितां चर्चांच्या छपरांचें शिसें उतरविलें. तेवढ्यांत किल्ल्यांतील लोकांनीं शरणागति देऊं केली. राजानें ती घेतली नाहीं. वॉरवुल्फची फेंक होईपर्यंत कोणीही बाहेर पडूं नये, अशी आज्ञा झाली. राणीला आणि तिच्या सख्यांना वेढा पाहतां यावा म्हणून गांवांतल्या एका घराला मुद्दाम खिडकी काढविली होती.